कातरणीच्या दिवशी लोकर वाचा

माघातली सकाळ होती. सांगोला तालुक्यातल्या एका धनगरवाड्यावर कातरणी चालली होती. कातरून पडलेल्या काळ्या लोकरीतला एक पुंजका वाड्यावरच्या आजींनी उचलला, दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून धरला आणि हलकाच झटका दिला. पुंजका तुटला. दुसऱ्या मेंढीचा घेतला, तोही टोकापासून बोटभर अंतरावर, जवळजवळ त्याच जागी तुटला. ‘हितं तुटती बघ,’ आजी म्हणाल्या. ‘म्होरं बरी हाय, मागंबी बरी हाय. ह्या दिसांत बकऱ्यांनी काय तरी सोसलंय.’ त्यांनी बोटांवर महिने मोजले आणि म्हणाल्या, ‘दिवाळीच्या आधी.’ त्या सुमाराला वाड्यात लाळ्या-खुरकूत फिरून गेली होती.

आजींनी आयुष्यभर लोकर पिंजली, कातली. चरख्यावर सूत तुटलं की कुठं आणि का तुटलं हे त्यांना बोटांनी कळतं. मेंढीच्या अंगात ताणाच्या वेळी जे संप्रेरक वाढतं त्याचा लोकरीच्या वाढीशी आणि लोकर मध्येच तुटण्याशी संबंध आहे, हे लिंडनर आणि फर्ग्युसन या संशोधकांनी १९५६ मध्ये मांडलं. ऑस्ट्रेलियातल्या बाजारात अशा मध्येच कमजोर असलेल्या लोकरीचा भाव कापला जातो, म्हणून तिथं या विषयाचा पुढे बराच अभ्यास झाला. आपल्याकडे लोकरीलाच भाव नाही, त्यामुळे तिच्याकडे बघायचं राहून गेलं.

आज लोकर विकून कुणाचं घर चालत नाही हे मलाही माहीत आहे. आपली दख्खनी मेंढी मटणासाठी पाळली जाते. तिची वर्षाची लोकर किलोभरही भरत नाही. जी निघते ती मेरिनोच्या मानाने दुपटीच्या आसपास जाड, केसाळ, काळी-करडी. घोंगडी विणणाऱ्या सणगरांचे आणि खुटेकरांचे माग कमी झाले तशी ती कातरून बांधावर टाकून देण्याची वेळ आली. तरीही कातरणीच्या दिवशी दहा मिनिटं काढून लोकर नीट बघा, असं मी आग्रहानं सांगतो. ज्या ताणानं लोकर तुटते, त्याच ताणानं कोकराचं वजन घटतं, कासेतलं दूध आटतं, मेंढी गाभडते, एडका नापास होतो. ते सगळं आपल्याला उशिरा कळतं किंवा कळतच नाही. लोकरीवर मात्र त्याची खूण महिन्यांच्या क्रमानं उमटून राहिलेली असते, आणि ती वाचायला पैसे पडत नाहीत.

अंगात काय घडतं

माळावर लांडगा दिसला, अनोळखी कुत्रं अंगावर आलं किंवा मेंढी कळपापासून तुटून एकटी पडली, की तिच्या मेंदूतून निरोप निघतो. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून रक्तावाटे मूत्रपिंडांलगतच्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतो आणि तिथून कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं. काही मिनिटांत त्याची पातळी चढते, अर्ध्या तासाच्या आत बहुधा शिगेला पोचते आणि धोका टळला की तास-दोन तासांत उतरते. स्नायूंना आणि मेंदूला तातडीची साखर पुरवायची, बाकीची कामं थोडा वेळ थांबवायची, एवढंच त्याचं काम.

हे संप्रेरक मेंढीचं वैरी आहे असं समजू नका. कोकरू जन्माला येतं तेच त्याच्या जोरावर. दिवस भरले की पोटातल्या कोकराच्या स्वतःच्या अधिवृक्क ग्रंथी कॉर्टिसॉल सोडू लागतात आणि त्या इशाऱ्यानं आईच्या कळा सुरू होतात. न्यूझीलंडमधल्या लिगिन्स या डॉक्टरांनी हे मेंढ्यांवरच शोधून काढलं. हॉवी या सहकाऱ्यासोबत १९७२ मध्ये त्यांनी दाखवून दिलं, की अपुऱ्या दिवसांची प्रसूती होऊ घातलेल्या बाईला याच जातीचं औषध दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात आणि ते जगण्याची शक्यता वाढते. आपल्याकडे दुष्काळानं मेंढरं पटापट मरत होती त्याच वर्षी मेंढ्यांच्या अभ्यासातून माणसांची बाळं वाचवणारं औषध हाती आलं, ही गोष्ट प्रत्येक मेंढपाळाला माहीत असायला हवी असं मला वाटतं.

याच माहितीतून एक सावधगिरी निघते. गाभण मेंढीला ताप आला, लंगडायला लागली, म्हणून कुणीही सुई घेऊन आलं आणि ‘लगेच उभी राहील’ म्हणत स्टिरॉइड टोचून गेलं, असं होऊ देऊ नका. डेक्सामेथासोनसारखं औषध शेवटच्या महिन्या-दीड महिन्यात टोचलं तर मेंढी अवेळी विऊ शकते. पुन्हा पुन्हा टोचलं तर लोकरही गळते. परदेशात अशी औषधं देऊन कातरीशिवाय लोकर उतरवता येईल का याचे प्रयोगही झाले होते. मेंढी गाभण आहे हे पशुवैद्यकांना आधी सांगा आणि काय टोचलं ते लिहून घ्या.

बिघडतं ते कॉर्टिसॉलला उतरायला उसंत मिळत नाही तेव्हा. उन्हाचा तडाखा, अर्धपोटी चालणं, पाण्याची वणवण, ताप, रात्रीची भीती यांतलं काही ना काही रोज, आठवडे-आठवडे चालू राहिलं की शरीर आपलंच मांस मोडून त्याची साखर करू लागतं. लोकर हे प्रथिन आहे. त्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे धाग्याला चिवटपणा येतो. मांसच मोडायची वेळ आली तर लोकरीच्या वाट्याला काय उरणार? त्यात कॉर्टिसॉल कातडीतल्या लोममुळांवर थेटही परिणाम करतं. तिथल्या पेशींचं विभाजन मंदावतं आणि धागा बारीक होतो. ताण फारच तीव्र असेल तर काही मुळं तात्पुरती बंद पडतात. नंतर चारा-पाणी मिळालं की धागा पुन्हा जाड निघू लागतो, पण मधला बारीक पट्टा तसाच राहतो. कातरणीच्या दिवशी चिमटीत तुटतो तो हाच पट्टा.

एक फरक इथं ध्यानात ठेवा. तासभराच्या धावपळीनं लोकर बिघडत नाही. कातरणीच्या दिवशी मेंढी कितीही घाबरली तरी त्या दिवसाची खूण लोकरीत उमटणार नाही. खूण उमटते ती आठवडे टिकलेल्या हालाची. आणि त्यात पोटाला कमी पडणं हे सर्वांत मोठं कारण असतं. नुसत्या भीतीनं होणारं नुकसान त्याच्या खालोखाल, पण उपाशी मेंढीला भीतीही जास्त लागते.

पुंजका कसा वाचावा

खांद्याच्या मागे, बरगड्यांच्या मध्यावरची लोकर घ्या. पाठीवरची उन्हानं करपलेली असते आणि पोटाखालची मळलेली, म्हणून ती नको. पेन्सिलीएवढा जाड पुंजका कातडीलगत कापा. कातडीकडचं टोक अलीकडच्या दिवसांचं आणि बाहेरचं टोक मागच्या कातरणीच्या वेळचं. दोन्ही टोकं घट्ट धरून कानाजवळ न्या आणि मधल्या बोटानं टिचकी मारा. निरोगी लोकर ताठ तारेसारखी वाजते. कमजोर असेल तर चरचर आवाज येतो किंवा ती हातातच येते. दख्खनी लोकरीत केस आणि लोकर मिसळलेली असल्यानं मेरिनोइतका स्वच्छ निकाल मिळत नाही, म्हणून एका मेंढीवर जाऊ नका. कळपातल्या दहा मेंढ्या घ्या: काही व्यालेल्या, काही भाकड, एक-दोन पाठी, एक एडका.

आता तुटण्याची जागा बघा. मागची कातरणी केव्हा झाली ते आठवा आणि तेवढे महिने पुंजक्याच्या लांबीत वाटून टाका. वाढ सगळ्या महिन्यांत सारखी नसते, पावसाळी हिरव्या चाऱ्यावर जास्त आणि उन्हाळ्यात कमी असते. त्यामुळे आठ-पंधरा दिवसांचा फरक पडणारच. तेवढा चालतो. सोलापूरकडे बहुतेक वाड्यांवर वर्षातून दोनदा कातरतात, एकदा थंडी सरताना आणि एकदा पाऊस ओसरताना. थंडीअखेर उतरलेल्या लोकरीत पावसाळ्याचा शेवट आणि व्यायचा हंगाम असतो. पावसाअखेर उतरलेल्या लोकरीत उन्हाळा असतो. वैशाखात काय चुकलं ते तुम्हाला भाद्रपद-आश्विनात वाचायला मिळतं, तेही पुंजक्याच्या मध्याला.

दहाच्या दहा पुंजके एकाच जागी तुटले तर सगळ्या कळपावर काही तरी आलं होतं. चारा संपला, पाणवठा आटला, मोठी चाल झाली किंवा साथ आली. फक्त व्यालेल्या मेंढ्यांचे तुटले आणि भाकडांचे शाबूत राहिले तर गाभणपणी आणि दूध पाजताना खुराक कमी पडला. एकाच मेंढीचा तुटला तर तो तिचा एकटीचा आजार. तुटण्याची जागाच नाही, पण लोकर टोकापासून मुळापर्यंत बारीक आणि निस्तेज आहे, असं दिसलं तर आधी जंताकडे बघा. शेणाची तपासणी पशुवैद्यकीय दवाखान्यात करून घ्या आणि मगच औषध पाजा.

काही खुणा फसवतात. काळ्या लोकरीची टोकं तांबूस होतात ती उन्हानं, त्यात काळजीचं काही नाही. पण टोक काळं, मूळ काळं आणि मधेच करडा-भुरा पट्टा असेल तर त्या काळात तांबं कमी पडलं असण्याची शक्यता असते. काळी मेंढी पाळणाऱ्याला ही खूण फुकटात मिळते, पांढरी पाळणाऱ्याला मिळत नाही. म्हणून लगेच तांब्याचं औषध मात्र पाजू नका. मेंढीला तांबं थोडंही जास्त झालं की विषबाधा होते, त्यामुळे गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नये. मेंढ्यांचं वेगळं मिळतं ते घ्या आणि पिशवीवर लिहिलेल्या प्रमाणाबाहेर जाऊ नका. दुसरी फसवी खूण सुबाभळीची. टंचाईत हिरवं दिसतं ते एवढंच म्हणून कळप सुबाभळीवर सोडला जातो. तिच्या पाल्यातलं मिमोसिन लोममुळांना थेट थांबवतं आणि लोकर झुबक्यांनी गळते. हा ताण नव्हे, ही विषबाधा. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शाहून कमीच ठेवा आणि बाकी कडबा, भुसा मिसळून घाला. आणि मेंढी अंग घासत असेल, लोकर ओढून खात असेल, कातडीवर खपल्या असतील, तर ती खरूज किंवा पिसवा-गोचिडांची गोष्ट आहे. पुंजका बाजूला ठेवून कातडी बघा.

उन्हाळा, पाणी आणि पोटातलं कोकरू

सोलापूरच्या मे महिन्याबद्दल सोलापूरकरांना सांगायची गरज नाही. पारा ४३-४४ अंशांवर जातो, माळावरची कुसळंही वाळून उडून जातात. दख्खनी मेंढी आणि शेजारच्या जत तालुक्यातली माडग्याळ मेंढी या उन्हात पिढ्यान्‌पिढ्या टिकल्या, म्हणून त्यांना ऊन लागतच नाही असं आपण धरून चालतो. त्यांना लागतं. फक्त त्या ओरडत नाहीत.

दुपारी सावलीत उभ्या असलेल्या मेंढीची कूस पंधरा सेकंद बघा, श्वास मोजा आणि चारनं गुणा. आरामात असलेली मेंढी मिनिटाला वीस-तीस वेळा श्वास घेते. साठपर्यंत गेली तरी ती सांभाळून घेतेय असं समजा. ऐंशीच्या पुढे गेली तर तिला ऊन झेपत नाहीये. तोंड उघडं टाकून, जीभ बाहेर काढून धापा टाकू लागली तर तिला त्याच क्षणी सावली आणि पाणी पाहिजे. ही मोजणी आठवड्यातून दोनदा दोन-चार मेंढ्यांवर केली तरी पुरे. भर उन्हात मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी घालून घोळका करतात हे तुम्ही रोज पाहता. डोक्याला सावली आणि नाकात अळ्या घालणाऱ्या माशीपासून बचाव, असे त्यांचे दोन्ही हेतू त्यात असतात. पण घोळक्याच्या आतल्या मेंढ्यांना वारा मिळत नाही. घोळका दिसला की समजा, कळप सावली मागतोय.

झाड असेल तर उत्तम. नसेल तर चार बांबूंवर शेडनेट, जुन्या साड्या, उसाचं पाचट, काहीही चालेल, पण बाजू उघड्या हव्यात. एका मेंढीला दहा चौरस फूट सावली धरा आणि लांबी पूर्व-पश्चिम ठेवा. चराई पहाटे सुरू करून दहाच्या आत आवरा आणि चारनंतर पुन्हा सोडा. चांदण्या रात्री चारण्याची जुनी रीत उन्हाळ्यात फार शहाणपणाची आहे. पाणी दिवसातून दोनदा, आणि शक्यतो पाण्यासाठी दुपारची चाल नको. वाळल्या चाऱ्यावरच्या मेंढीला कडक उन्हात पाचेक लिटर पाणी लागतं. दूध पाजणारीला त्याहून जास्त. तापलेल्या लोखंडी टाकीतलं पाणी त्या तोंड लावून सोडून देतात, म्हणून कुंडी सावलीत ठेवा.

या सगळ्यात ज्या मेंढीकडे सर्वांत जास्त बघायला हवं ती चैत्र-वैशाखात गाभण असलेली. मृगाच्या पावसावर हिरवं खाऊन माजावर आलेल्या मेंढ्या दिवाळीच्या पुढेमागे वितात, त्यांचं गाभणपण त्या मानानं सुखाचं जातं. पण हिवाळ्यात लागलेल्या मेंढ्यांचे शेवटचे दोन महिने नेमके भर उन्हाळ्यात येतात. गर्भकाळ दीडशे दिवसांचा. त्यातल्या शेवटच्या सहा आठवड्यांत कोकराचं बहुतेक वजन भरतं. त्याच्या कातडीतली मोठी लोममुळं आधीच तयार झालेली असतात. मऊ, बारीक धागा देणारी छोटी लोममुळं तिसऱ्या महिन्यानंतर फुटू लागतात. या काळात आई उपाशी, तहानलेली, रोज दहा-पंधरा किलोमीटर चालणारी असेल तर ही छोटी मुळं कमी फुटतात, आणि पुढे कितीही खाऊ घाला, ती वाढत नाहीत. कोकराची पहिली लोकर, ज्याला आपण जावळ म्हणतो आणि ज्याची घोंगडी सगळ्यांत मऊ समजली जाते, तिचं भवितव्य असं आईच्या पोटातच ठरतं.

म्हणून गाभण मेंढ्या उन्हाळ्यात चालीतून वेगळ्या काढा. वाड्याजवळच्या शेतात ठेवा. शेवटचे सहा आठवडे रोज दोनशे ते अडीचशे ग्रॅम खुराक द्या. मक्याचा भरडा आणि शेंगदाण्याची किंवा सरकीची पेंड मिळून चालेल. पेंड परवडत नसेल तर बाभळीच्या शेंगा गोळा करा, तुरीचं आणि हरभऱ्याचं भुसकट साठवा. मंगळवेढ्याच्या ज्वारीच्या पट्ट्यात कडब्याची चणचण नसते, पण कडब्यात प्रथिनं थोडी. नुसत्या कडब्यावर किंवा उसाच्या वाढ्यावर पोट भरलेलं दिसतं आणि लोकर तरीही तुटते. काढणीनंतर ज्वारीच्या खुंटांना फुटलेले कोवळे कोंब मेंढ्यांना खाऊ देऊ नका. किरळ लागून उभी मेंढी आडवी होते. हे सगळ्यांना माहीत आहे, तरी दर वर्षी कुठे ना कुठे घडतंच.

भीतीचा ताण

नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या माळांवर लांडगे आहेत आणि ते राहणार. एक मेंढी गेली तर आपण एका मेंढीचं नुकसान मोजतो. कळपाभोवतीची जाळी, म्हणजे वाघूर, तोडून कळप रात्रभर उधळला, की गाभण मेंढ्या एकमेकींवर आदळतात, पुढचे काही दिवस नीट चरत नाहीत, एखादी गाभडते. ते नुकसान कुणी मोजत नाही. वाघूर कमरेच्या वर उंच आणि खालून घट्ट खुंटलेली ठेवा. गाभण आणि लेकुरवाळ्या मेंढ्या मधोमध आणि भाकड बाहेर, अशी रचना करा. उधळलेला कळप दुसऱ्या दिवशी लांब चालवू नका. जवळच चारा, पाणी पाजा, बसू द्या.

मेंढीला सर्वांत जास्त भीती एकटेपणाची वाटते. आजारी मेंढी वेगळी बांधायची असेल तेव्हा तिच्या नजरेच्या टप्प्यात दुसरी एखादी ठेवा. केंड्रिक हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये इंग्लंडमधून प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मेंढ्या पन्नास दुसऱ्या मेंढ्यांचे चेहरे ओळखतात आणि दोन वर्षं लक्षात ठेवतात असं दिसलं. मेंढकाची हाक तर त्या ओळखतातच. म्हणून कातरणीला, लस टोचायला, गाडीत चढवायला त्यांच्या रोजच्या माणसाला पुढे ठेवा. सांगोल्याच्या बाजारातून आणलेल्या नव्या मेंढ्या दोन-तीन आठवडे वेगळ्या ठेवायच्या त्या रोगासाठी, आणि आणताना दोन-तीन एकत्र आणायच्या त्या त्यांच्या धीरासाठी.

पकडताना लोकरीला हात घालून ओढू नका. कातडीखाली रक्त साकळतं आणि मेंढी पुढच्या वेळी माणूस बघूनच पळते. एक हात हनुवटीखाली, दुसरा जांघेपाशी, एवढ्यानं ती उभी राहते.

ताप आणि लस

नीलजिव्हेतून वाचलेल्या मेंढीची लोकर तीन-चार आठवड्यांनी गळू लागते. तिला तेव्हा नवा रोग झालेला नसतो, जुन्या तापाचा हिशेब चुकता होत असतो. हा रोग पावसाळ्यात चिलटांमार्फत पसरतो, त्यामुळे ओढ्याकाठी आणि साचलेल्या पाण्याजवळ रात्रीचा मुक्काम टाळा. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी घ्या. लाळ्या-खुरकूत, पीपीआर, देवी आणि नीलजिव्हेच्या लसींचं वेळापत्रक तालुक्याच्या दवाखान्यातून आणा. महूदला पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे, तिथंही चौकशी करता येते. एक गोष्ट मात्र आपल्या हातात असते. लांबच्या चालीवरून थकून आलेल्या कळपाला त्याच संध्याकाळी लस टोचू नका. कॉर्टिसॉल चढलेलं असताना शरीराची प्रतिकाराची ताकद उतरलेली असते आणि लस नीट धरत नाही. चार-आठ दिवस विसावा द्या, मग टोचा. चालीवर निघण्यापूर्वीची लस दोन-तीन आठवडे आधी उरकून घ्या.

कातरणीचा दिवस

कातरणीआधी मेंढ्या धुण्याची रीत चांगली आहे. ऊन पडल्यावर धुवा आणि दोन-तीन दिवस कोरड्या जागी ठेवा. ओली लोकर कातरली तर गाठोड्यात कुजते. आदल्या रात्री चारा देऊ नका. भरल्या पोटानं आडवं पाडलं की तिला श्वास घ्यायला जड जातं. चारी पाय करकचून बांधून उन्हात टाकून ठेवलेल्या आणि पाळीची वाट बघणाऱ्या मेंढ्या मी पुष्कळ ठिकाणी पाहिल्या आहेत, आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलं आहे. कातरणारा मोकळा झाला की मगच पुढची मेंढी पाडा. जागा सावलीची हवी, कातर धारदार हवी, लागलं तर जखमेवर त्याच जागी औषध लावायला हवं. व्यायला महिना उरलेल्या मेंढ्या कातरू नका.

कातडीलगत गुळगुळीत उतरवू नका. बोटाच्या पेरापेक्षा थोडी कमी लोकर अंगावर राहू द्या. मेंढीची लोकर तिला थंडीत ऊब देते तसा उन्हाचा मारही कातडीपर्यंत पोचू देत नाही, त्यामुळे थेट एप्रिल-मेमध्ये बोडकी केलेली मेंढी जास्त तापते. फाल्गुन लागण्यापूर्वी कातरलं तर कडक ऊन येईपर्यंत थोडी लोकर वाढलेली असते. आणि आभाळाकडे लक्ष असू द्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट सोलापूर जिल्हा विसरलेला नाही. डिसेंबर २०२१ च्या सुरुवातीला पुणे आणि नगर जिल्ह्यांत अवकाळी पाऊस आणि गारठा एकत्र आला तेव्हा उघड्यावरच्या वाड्यांतल्या मेंढ्या मोठ्या संख्येनं दगावल्या. नुकत्याच कातरलेल्या मेंढीला भिजणं आणि वारा एका वेळी सोसत नाही. पुढच्या आठ दिवसांच्या पावसाचा अंदाज बघितल्याशिवाय कातरीला हात लावू नका, आणि कातरल्यावर आठवडाभर रात्रीच्या आडोशाची सोय ठेवा. या आठवड्यात तिला भूकही जास्त लागते, मूठभर खुराक वाढवा.

कातरून झाल्यावर लेकुरवाळ्या मेंढ्या आधी सोडा. आईचं रूप बदललेलं असतं, कोकरं बावचळतात, आवाजावरून आणि वासावरून आई सापडायला त्यांना थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ कळप हलवू नका. दहा मेंढ्यांचे दहा पुंजके सुतानं बांधा, कोणती व्यालेली, कोणती भाकड ते चिठ्ठीवर लिहा, तारीख घाला आणि पिशवीत घालून वाड्यावरच्या तुळईला अडकवून ठेवा. पुढच्या कातरणीला तीच पिशवी काढून नव्या पुंजक्यांशेजारी मांडायची आहे.